परक्या तोफांची इंदूताई

इंदूताई मगदूम यांना 'दान' हा शब्द खपत नसे. आमच्या कंपनीच्या कागदांवर तो पानोपानी असायचा. दान मिळालेले रणगाडे, दानातले सुटे भाग, दान देणारा देश. नवी तुकडी शिकायला आली की इंदूताई पहिल्याच दिवशी तो शब्द मोडीत काढायच्या. "गाडी कुणी दिली, का दिली, ते तुमच्या मंत्र्यांनी बघावं. तुमच्या पदरात पडली, आता ती तुमची. पदरी पडलं पवित्र झालं म्हणतात आमच्याकडं. पण पवित्र आपोआप होत न्हाई. घासून करून घ्यावं लागतंय."

रणगाड्याला त्या 'गाडी'च म्हणत. आणि हे सगळं त्या इंग्रजीत बोलत, पण ते इंग्रजी इतकं इचलकरंजीच्या चालीचं होतं, की मला ते आठवतं ते मराठीतच. म्हणून इथे मी ते तसंच लिहितो. मराठीत स्वतःबद्दल बोलताना त्या 'मी जातो', 'मी बघतो' म्हणायच्या. कोल्हापूरकडच्या बायका तसंच बोलतात. सिंगापूरच्या मराठी मंडळात कुणी त्यावर हसलं तर त्या म्हणत, "हसा की. तुमच्या पुण्यात बायका 'जाते' म्हणत्यात, आमच्यात 'जातो'. पोचायचं दोघांनी बी."

२०१४च्या सुमारास मी त्यांच्या हाताखाली आलो. मी मूळचा पुण्याचा, राहायला बेडोकला, काम यंत्रांच्या पुस्तिका लिहिण्याचं. आधी रॅफल्स प्लेसला एका बँकेसाठी सॉफ्टवेअरच्या पुस्तिका लिहीत होतो. ती नोकरी संपली आणि ही मिळाली. कंपनी लहान होती, जुराँगच्याही पलीकडे, गोदामांच्या रांगेत. काम जरा वेगळं होतं. एखादा मोठा देश आपले जुने रणगाडे एखाद्या लहान, गरीब मित्रदेशाला देऊन टाकतो. तोवर त्या रणगाड्यानं बरेच हात पाहिलेले असतात. सांगाडा एका देशातला, तोफ दुसऱ्या देशातून आणून बसवलेली, दुर्बीण तिसऱ्याची, रेडिओ चौथ्याचा. ज्याला मिळतो त्याच्याकडे ही खिचडी कळणारं कुणी नसतं. अशा सैन्यांच्या जवानांना देखभाल शिकवायची, त्यांना समजेल अशा पुस्तिका करून द्यायच्या आणि सुटे भाग शोधून द्यायचे, हा आमचा धंदा. गोदामात लोखंडी चौथऱ्यावर एक खराखुरा बुरूज बसवलेला होता, म्हणजे रणगाड्याचा वरचा फिरणारा भाग, तोफेसकट. तोफेचं तोंड बुजवलेलं होतं आणि गोळे नकली. तोच आमचा वर्ग.

इंदूताईंचे वडील यंत्रमागाचे जॉबर. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. एका मागाचं धूड, दुसऱ्याचा दांडा, तिसऱ्याची मोटर असं जुळवून बंद पडलेले माग चालते करायचे, हे इंदूताईंनी लहानपणापासून पाहिलेलं. सांगलीला इंजिनियरिंग झालं, मग दक्षिणेतल्या एका सरकारी कारखान्यात रणगाड्यांच्या तोफांवर उमेदीची सगळी वर्षं. पन्नाशी ओलांडल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेऊन सिंगापूरला. लग्न केलं नव्हतं. माझ्या बायकोनं एकदा सहज विषय काढला, तर म्हणाल्या, "राहून गेलं. कामात होतो."

क्लेमेंटीला टान आंटी नावाच्या एका विधवा बाईंच्या फ्लॅटमध्ये त्या एक खोली घेऊन राहत. खोलीत पलंग, टेबल आणि खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. आमच्याकडे बेडोकला महिन्यातून एखाद्या रविवारी येत. येताना एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं, येत नसत, बसनं येत. का, तर बसमध्ये मागच्या सीटवर बसलं की इंजिन ऐकू येतं. "चौदा नंबरच्या ड्रायव्हरला सांगायला पायजे, त्याचा पट्टा सैल झालाय," असं काहीतरी म्हणतच त्या घरात शिरत. माझी मुलगी तेव्हा प्रायमरीत होती. ती त्यांना घाबरायची आणि त्यांच्याच मागे मागे असायची. एकदा तिची सायकल दुरुस्त करताना इंदूताईंनी तिच्याकडून साखळी तीनदा काढून पुन्हा बसवून घेतली. रात्री ती आईला म्हणाली, "आंटी सो फिअर्स लाह. बट नाऊ आय कॅन डू."

वर्गातही तसंच होतं. जवान येत ते चांगले धट्टेकट्टे, इंदूताईंना मुलं असती तर निम्मे त्यांच्या वयाचे. निळ्या ओव्हरऑलमधली, केस टोपीखाली घट्ट बांधलेली ही बुटकी बाई बघून पहिल्या दिवशी ते एकमेकांकडे बघत. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत ग्रीसमध्ये असत.

मी रुजू झाल्यावर पहिली तुकडी आली ती एका लहान देशाची. देशाचं नाव मी सांगणार नाही. करारात तसं होतं, आणि आता करार संपला तरी सवय राहिली आहे. त्या तुकडीचा म्होरक्या होता सार्जंट तोमास. तोफेचा नेमबाज. उंच, अबोल, इंग्रजी बेताचं. मी मोठ्या हौसेनं केलेली पुस्तिका त्याच्या हातात दिली. त्यानं दोन पानं उलटली आणि विनयानं मिटून ठेवली.

इंदूताईंनी ते पाहिलं. त्यांनी सगळ्यांना बुरुजात नेलं. आतल्या बटणांवर तीन थरांचं लिखाण होतं. मूळ देशाच्या लिपीतलं कोरलेलं, त्यावर दुसऱ्या देशाचं रंगवलेलं, आणि त्यावर आमच्या कंपनीनं चिकटवलेल्या इंग्रजी पट्ट्या. "यातलं तुम्हाला काय वाचता येतंय?" त्यांनी विचारलं. कुणाला काहीच येत नव्हतं. "मग वाचू नका. हे बटण दाबलं की काय होतंय ते बघा, आन तुमच्या भाषेत त्याला नाव द्या. प्रसाद, तू लिहून घे."

ते दोन दिवस वर्गात नुसता कल्ला होता. एक बटण असं होतं की ते चालू असेल तर बाकी काहीही चालत नसे. झाकण नीट लागलं नाही की ते तोफ अडवून धरायचं. जवानांनी आपसात खल केला आणि तोमासनं गंभीरपणे नाव सांगितलं. तुकडीबरोबर आलेल्या दुभाष्यानं हसू दाबत भाषांतर केलं, सासू.

मी इंदूताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतोस? लिही, सासू."

पुस्तिका आमचे व्यवस्थापक लिम यांच्याकडे गेली. ते शांत, नेटके गृहस्थ, सिंगापूरचेच, हिशेबाला चोख आणि मनानं चांगले. त्यांनी इंदूताईंना बोलावून विचारलं, की लष्करी दस्तऐवजात 'मदर-इन-लॉ' कसं छापायचं?

"मिस्टर लिम," त्या म्हणाल्या, "अंधारात, धुरात, घाबरलेल्या पोराला 'फायरिंग सर्किट इंटरलॉक' आठवंल का सासू आठवंल?"

लिम यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. त्यांची सासू त्यांच्याच घरी राहत होती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. शब्द राहिला.

इंदूताई कधी चुकत नसत असं नाही. एकदा बुरुजातला रेडिओ मध्येच गप्प व्हायला लागला. रेडिओ एका देशाचा, वायरिंग दुसऱ्याचं, तेव्हा दोष जोडणीत आहे असं त्यांनी ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे ठरवलं. एका पोरसवदा जवानानं, मला वाटतं टोपीतल्या हेडफोनचा प्लग सैल आहे, असं सांगून पाहिलं. इंदूताईंनी त्याला गप्प केलं आणि सगळं वायरिंग उकललं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्लगच सैल निघाला. त्यांनी वर्ग थांबवला, त्या जवानाला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हा बरोबर होता. मी चुकलो. आन त्याचं ऐकून घेतलं न्हाई, ते दुसऱ्यांदा चुकलो." मग कामाला लागल्या. माफी मागून झाल्यावर त्यावर रेंगाळणं त्यांना जमत नसे. पण त्या दिवसापासून जवान त्यांच्याशी मोकळे बोलायला लागले, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

तोफ डागली की नळी धक्क्यानं मागे येते. तो धक्का सोसायला नळीजवळ एक सिलिंडर असतं, द्रवानं भरलेलं, आत रबरी रिंगा. द्रव आणि रिंगा धड असतील तर नळी हातभर मागे येते, थांबते आणि आपोआप जागेवर जाते. नसतील तर थांबायची तिथे थांबत नाही. आणि बुरुजाच्या आत जागा ती किती, आपल्याकडच्या मोरीएवढी. त्यात तिघे जण. गोळा भरणारा जवान नळीच्या अगदी शेजारी उभा असतो.

गोळा भरण्याचा सराव चालू असताना इंदूताईंच्या लक्षात आलं की तोमास त्या जागी उभा राहिला, की नकली गोळा आत सारून एकदम मागे उडी मारतो. इतकी, की त्याचं डोकं दर वेळी मागच्या लोखंडावर आपटतं. तोफेचं तोंड बुजवलेलं होतं, ती उडणार नव्हती, हे त्याला माहीत होतं. तरी तसंच.

दुपारी आम्ही जवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जेवायला जात असू. इंदूताई शाकाहारी, त्यामुळे रोज त्याच एका टपरीवरचा बी हून, म्हणजे तांदळाच्या शेवया, घ्यायच्या आणि अंडं नको म्हणून त्या टपरीवाल्याला रोज नव्यानं सांगायच्या. त्या दिवशी त्या ताट घेऊन तोमाससमोर जाऊन बसल्या. मी शेजारी.

"डोकं दुखतंय का?"

"नाही, मादाम."

"मग उडी का मारतोस?"

तो काटे-चमच्याशी खेळत राहिला. मग हळूहळू, शब्द शोधत त्यानं सांगितलं. त्याच्या गाडीवर दानिएल नावाचा गोळा भरणारा होता, त्याच्याच गावचा. आदल्या वर्षी सरावात तोफ उडाली आणि नळी मागे आली ती थांबलीच नाही. दानिएलचा उजवा हात कोपरापाशी चिरडला. हात वाचला, पण कोपर वाकत नाही. चौकशी झाली. दानिएल आखलेल्या रेषेच्या आत उभा होता, चूक त्याची, असा निकाल लागला आणि त्याला सैन्यातून काढलं.

"तो रेषेच्या आत होता?"

"नव्हता. मी बघत होतो."

"तू सांगितलंस?"

"सांगितलं, मादाम. मला म्हणाले, तू नेम धरत होतास, तू कसा बघशील."

इंदूताईंनी बी हून बाजूला सारला. "त्या सिलिंडरमधला द्रव कमी झाला की तुम्ही काय घालत होता?"

तोमासनं सांगितलं. तोफेबरोबर आलेले डबे केव्हाच संपले होते. मग डेपोत ट्रकच्या जॅकसाठी आलेलं लाल तेल होतं, ते घालत. दिसायला सारखंच, पातळपणाही सारखा. कुणी नको म्हटलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी इंदूताई घरी गेल्या त्या सुट्या भागांतल्या रबरी रिंगांचं एक पाकीट आणि दोन्ही प्रकारचे द्रव घेऊन. टान आंटींच्या स्वयंपाकघरात त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्या. एकीत मूळ द्रव, एकीत लाल तेल, एकीत दोन्ही मिसळून, आणि प्रत्येकीत रिंगा. बाटल्या खिडकीत कढीपत्त्याशेजारी ठेवल्या. टान आंटींना वाटलं भारतीय लोणचं आहे. त्यांनी उत्साहानं विचारलं, कधी खायचं? इंदूताई म्हणाल्या, "हे खाल्लंय एका पोरानं आधीच."

मी अधूनमधून जाऊन बघत असे. मूळ द्रवातल्या रिंगा जशाच्या तशा. तेलातल्या हळूहळू फुगायला लागल्या, मग मऊ पडल्या, आणि शेवटी बोटानं ताणल्या तर चिरत होत्या. इंदूताईंनी मला एक ताणून बघायला दिली. "मागाच्या पट्ट्याला चुकीचं तेल लागलं की असंच होतंय," त्या म्हणाल्या. "वडील म्हणायचे, रबराचा आन तेलाचा सोयरसंबंध बघून करावा."

त्या बाटल्या घेऊन आम्ही लिम यांच्याकडे गेलो. त्यांनी त्या नीट पाहिल्या, रिंगाही हातात घेतल्या. मग म्हणाले, "इंदू, तुझं बरोबर असेल. पण आपला करार शिकवण्याचा आहे, चौकशीचा नाही. तोफा देणारा देश आपल्याला पुढचं काम देणार आहे. त्यांच्या तोफांनी माणूस जायबंदी झाला असं आपण म्हटलं, तर ते काम येणार नाही. काम आलं नाही तर हा प्रशिक्षणाचा हॉल बंद होईल. तुझा इथे काम करायचा पास या कंपनीच्या नावावर आहे. तुला इथून जावं लागेल. मला हे तुला सांगणं भाग आहे."

हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं नाही. खरंच तसं होतं. माझा पासही तिथेच बांधलेला होता, आणि बेडोकला माझी मुलगी शाळेत होती. मी बाटल्यांची झाकणं घट्ट करत राहिलो.

इंदूताई म्हणाल्या, "तोफेत खोट हाय असं मी म्हणत न्हाई. तोफ चांगली हाय. द्रव चांगला हाय. तेल बी चांगलं हाय. तिघांची गाठ कुणी घालू नये, एवढंच सांगायचंय. आन ते सांगितलं न्हाई तर मी त्या पोरांना काय शिकवलं?"

"आणि पास?"

"गेला तर जाईल. इचलकरंजीला परत जायला पास लागत न्हाई."

लिम यांनी त्यांना अडवलं नाही. एवढंच म्हणाले, की जे सांगायचं ते त्यांच्या कर्नलला तू सांग, कंपनी सांगणार नाही.

प्रशिक्षण संपताना तो कर्नल सिंगापूरला आला. पन्नाशीचा, करड्या केसांचा, हळू बोलणारा. जवानांनी त्याला बुरूज खोलून दाखवला, जोडून दाखवला, सासूची ओळख करून दिली. तो खुश झाला. मग चहाच्या वेळी इंदूताईंनी टेबलावर बाटल्या मांडल्या आणि सगळं सांगितलं. तोमास भिंतीपाशी उभा होता.

कर्नलनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मादाम, ती चौकशी माझी होती. त्या निकालावर माझी सही आहे."

त्यानं एक बाटली उचलून उजेडाकडे धरली.

"आमच्याकडे स्वतःचे रणगाडे घ्यायची ताकद नाही," तो पुढे म्हणाला. "जे देतात त्यांना आम्ही प्रश्न विचारायला लागलो तर उद्या सुटे भागही मिळणार नाहीत. तुमच्याकडे अशा वेळी काय म्हणतात मला माहीत नाही."

"म्हणतात की," इंदूताई म्हणाल्या. "धर्माची गाय आन दात का गं नाय. फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत. पण साहेब, चारा तिला तुम्हालाच घालायचाय. दात बघितल्याबिगर काय घालणार?"

कर्नलच्या चेहऱ्यावर पुसटसं हसू आलं आणि गेलं. "तुम्ही मला बाटल्या दाखवताय. माझ्या तोफेत हेच झालं हे कशावरून?"

"कशावरूनच न्हाई. म्हणून तर म्हणतो, एक गाडी उघडा. दानिएलची. आत रिंगा धड निघाल्या तर तुमचा निकाल बरोबर, मी सगळ्यांसमोर तसं सांगतो आन घरी जातो. न्हाई निघाल्या तर सगळ्या उघडायच्या, आन तोवर एक बी गोळा उडवायचा न्हाई."

कर्नलनं तोमासकडे बघितलं. तोमास सरळ समोर बघत होता. "एक," कर्नल म्हणाला. "तुम्ही स्वतः या."

इंदूताई गेल्या, नोंदी घ्यायला मला बरोबर नेलं. त्या डेपोत पत्र्याच्या शेडखाली रणगाडे ओळीनं उभे होते. उकाडा सिंगापूरसारखाच, फक्त धूळ जास्त. दानिएलच्या अपघातानंतर ती गाडी कुणी वापरली नव्हती. तोमास आणि इंदूताई दोघांनी मिळून सिलिंडर काढलं. झाकण उघडताच इंदूताईंनी बोट बुडवून वास घेतला आणि ते लाल बोट कर्नलपुढे धरलं. मग रिंगा बाहेर आल्या. फुगलेल्या, बुळबुळीत. एक चिरून तिचे तुकडे झाले होते.

कर्नलनं एक तुकडा उचलून बोटांत चुरला. मग म्हणाला, "सगळ्या उघडा."

काही तोफा धड निघाल्या, काहींच्या रिंगा त्याच वाटेला लागलेल्या. एकेक सिलिंडर रिकामं करून, धुऊन, नव्या रिंगा घालून, मूळ जातीचा द्रव भरायचा होता. पहिली गाडी दानिएलचीच तयार केली. चाचणीच्या दिवशी इंदूताईंनी कर्नलला सांगितलं, "आधी एक काम राहिलंय. ते तुम्ही करायचं. मी केलं तर त्याला अर्थ न्हाई."

कर्नलनं दानिएलला गावाहून बोलावून घेतलं होतं. तो आला, साधा सदरा घातलेला, उजवा हात सरळ लाकडासारखा. सगळ्या गाड्यांचे जवान रांगेत उभे होते. कर्नल त्याच्यासमोर उभा राहून त्यांच्या भाषेत बोलला. फार थोडी वाक्यं. दुभाष्यानं मला हळूच सांगितलं: चूक दानिएलची नव्हती. निकाल चुकीचा होता, तो मी दिला होता, आणि मी तो बदलला आहे. दानिएलनं डाव्या हातानं सलाम केला. कर्नलनंही डाव्याच हातानं उलट सलाम केला. तोमासनं मान वळवली, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही.

पहिले गोळे मातीच्या बांधामागून, लांब दोरी ओढून उडवले. आत कुणी नाही. दर गोळ्यानंतर इंदूताई जाऊन काटा बघत. नळी किती मागे आली ते दाखवणारा काटा. तो दर वेळी मर्यादेच्या रेषेच्या आत होता. मग माणसं बसवून चाचणी घ्यायची वेळ आली. तोमास पुढे झाला, नेमबाजाच्या जागेसाठी. गोळा भरणाऱ्याच्या जागेसाठी कुणीच पुढे आलं नाही. त्यांना दोष देता येत नव्हता. दानिएल तिथेच कुंपणाशी उभा होता.

"मी बसतो," इंदूताई म्हणाल्या.

कर्नल म्हणाला की ते शक्य नाही, नागरिकाला आत बसवता येत नाही.

"रिंगा मी घातल्यात. त्यांच्यावर विश्वास कुणी ठेवायचा पहिला?" त्यांनी टोपी घट्ट केली. "एक जागा सार्जंटची, एक माझी. कमांडरची मोकळी हाय, साहेब."

कर्नलनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग हातातली छडी शेजारच्या अधिकाऱ्याकडे दिली आणि तो गाडीवर चढला.

झाकणं लागली. माझ्या डोळ्यांसमोर इंदूताईंच्या कोपरांखेरीज काही येत नव्हतं. मग तोफ उडाली. जमीन हादरली, धुरळा उठला, आणि त्यानंतर किती तरी वेळ काहीच झालं नाही. मग वरचं झाकण उघडलं. आधी टोपी, मग चेहरा, मग दोन्ही हात. धड. कानात दडे बसल्यामुळे त्या नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडल्या, "प्रसाद, काटा कुठं आलाय बघ की रे."

मी बघितला. रेषेच्या आत होता.

लिम म्हणाले होते तसंच झालं. पुढचं काम आलं नाही, प्रशिक्षणाचा हॉल बंद झाला. लिम यांनी स्वतः खटपट करून मला दुसऱ्या एका कंपनीत लावून दिलं, म्हणून मी बेडोकला राहू शकलो. इंदूताईंच्या वयाच्या माणसाला नवा पास मिळणं अवघड होतं, आणि त्यांनी प्रयत्नही केला नाही. त्या देशाच्या सैन्यानंच त्यांना थांबवून घेतलं, सगळ्या गाड्या होईपर्यंत. मग त्या इचलकरंजीला गेल्या. आता तिथल्या पोरांना तोफा नाही, माग शिकवतात. दिवाळीला फोन येतो. टान आंटी कशा आहेत विचारतात, मुलीला सायकल येते का विचारतात. ती आता कॉलेजात आहे, हे त्यांना पटत नाही. पण त्या डेपोतून मी परतलो त्यानंतर आमची भेट झालेली नाही.

त्या चाचणीच्या दुसऱ्या दिवशी मी सिंगापूरला परत निघालो. सकाळचं विमान होतं. डेपोच्या फाटकातून माझी जीप बाहेर पडताना मी मागे वळून बघितलं. इंदूताई ओळीतल्या पुढच्या गाडीपाशी होत्या, हातात सिलिंडर धुण्याच्या द्रवाची बादली. वर उभ्या असलेल्या तोमासनं त्यांना ओढून घ्यायला हात पुढे केला. त्यांनी त्या हातात बादली दिली, आणि मग गाडीच्या चाकांवरच्या साखळीवर पाय ठेवून स्वतःच वर चढल्या.